मैनेच्या कपाळावरची हळद

लहानपणी जत्रेच्या दिवशी नमिताला जशी जाग यायची, तशीच त्या शुक्रवारी आली. गजर व्हायच्या आधी, आणि अंगात असं काही वारं भरलेलं की पांघरूण सोसवेना. फरक एवढाच, की तेव्हा ती जत तालुक्यातल्या एका वस्तीवर असायची आणि आता आखातातल्या एका शहरात, बिन महमूद नावाच्या भागात, चौथ्या मजल्यावर होती. वर्ल्ड कपला अजून नऊ महिने होते, तरी खालचा रस्ता तेवढ्याचसाठी खणून ठेवला होता. नवरा अमेय स्टेडियममध्ये गार हवा खेळवण्याच्या कामावर, त्यामुळे घरात फुटबॉलशिवाय दुसरा विषय नाही. आजचा दिवस मात्र शेळीचा होता.

"उर्वी, ऊठ. मैना वाट बघतीय."

शाळेसाठी रोज रडवणारी सात वर्षांची उर्वी टुणकन उठून बसली. "इज शी नर्व्हस, मम्मी?"

"ती कशाला घाबरतीय! तू घाबरू नको म्हणजे झालं."

मैना ही अमेयच्या ऑफिसातल्या कासमच्या इझब्यावरची शेळी. इझबा म्हणजे गावाबाहेरचा जनावरांचा वाडा. वर्षापूर्वी तिळ्यांतली एक म्हणून जन्मली, आणि आई जवळ घेईना. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमिता तिथंच वाळूत फतकल मारून बसली होती. पांढरंशुभ्र अंग, लांब लोंबते कान, आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं असं बाकदार, की गावाकडचं माडग्याळ जातीचं मेंढरूच कुणी विमानात घालून आणलंय! शेळीच्या या जातीला इथे शामी म्हणतात.

"आमच्याकडं याच नाकाला नंबर देतात," ती हिंदीत म्हणाली.

"सिस्टर, हमारे यहाँ भी!" कासम हसत सुटला.

तेव्हापासून शुक्रवारची दुधाची बाटली उर्वीची झाली. बाकी दिवस अबूबकर पाजायचा. हा तिथला राखण्या, मूळचा सुदानचा, शेळ्यांशी बोलणारा आणि माणसांशी जेमतेम. जनावरांच्या प्रदर्शनात यंदा मुलांचाही गट आहे असं कळलं, तेव्हा मैनेचा दोर कुणी धरायचा हा प्रश्न निघाला. कासमची आई हमिदा खुर्चीत बसून कडक चहा पीत होती. तिनं मान वर न करता निकाल दिला, "जिनं दूध पाजलं, तिनं धरावा."

कासमनं ते वाक्य हिंदीत सांगितलं आणि नमितानं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

कारण तिच्या आबांचा मेंढाही तिनंच वाढवला होता. मका भरडून घालायची, रिठ्यानं धुवायची, पायात ताकद यावी म्हणून रोज ओढ्यापर्यंत फिरवून आणायची. जतच्या जत्रेत मात्र मैदानाच्या दोरीपाशी आल्यावर आबा तिच्या हातातून दोर घेत आणि दादाच्या हातात देत. "पोरींनी कडंला उभं ऱ्हायचं," म्हणत. त्यात राग नसायचा, हवामान सांगावं तसं सांगत. ओळीनं तीन वर्षं मेंढ्याचा पहिला नंबर आला. तिन्ही फोटोंत गुलालानं माखलेला मेंढा आहे, दादा आहे, आबा आहेत. नमिता एकातही नाही.

म्हणून तिचं एकच मागणं होतं. उर्वीनं दोर धरून आत जावं आणि पूर्ण फेरी मारून यावं. नंबर आला तर आला.

मैदानावर पोचले तेव्हा सात वाजले होते. मंडपाला मरून-पांढऱ्या पताका, मधोमध हिरवा गालिचा अंथरलेलं रिंगण, आणि जिकडेतिकडे बें-बें. एका बोकडाच्या गळ्यात फुटबॉल टीमचा मफलर होता. अमेय त्याच्याबरोबर सेल्फी काढायला गेला. नमितानं मैनेला ब्रश केला, कान पुसले, खूर पुसले. आणि मग, हात कसा पिशवीतल्या हळदीच्या डबीत गेला ते तिचं तिलाच कळलं नाही, पण वाड्यातून जनावर जत्रेला निघताना आई जसं करायची तसंच तिनं ओल्या हळदीचं बोट मैनेच्या कपाळापासून नाकापर्यंत ओढलं. दृष्ट नको लागायला कुणाची.

"मॅडम!" अबूबकर पाण्याची बादली टाकून धावत आला. "कलर ममनू! ममनू!"

ममनू म्हणजे सक्त मनाई. रंग नको, तेल नको, काही नको. रंग सापडला की जनावर बाद. नियमांचा कागद मंडपाच्या खांबाला चिकटवलेला होता, फक्त अरबीत.

"डोन्ट वरी," अमेय सेल्फी सोडून पळत आला. त्यानं खिशातून लिक्विड सोपची बाटली काढली, ओल्या रुमालावर ओतली आणि मैनेचं कपाळ खसाखसा चोळलं. बघता बघता पिवळा पट्टा लालभडक झाला.

उर्वी किंचाळली, "शी इज ब्लीडिंग!"

"आवं, साबण कशाला लावलासा!" दहा वर्षांत नवऱ्यासमोर न निघालेली जतची बोली नमिताच्या तोंडून धाडकन बाहेर पडली. "हळद हाय ती! साबणानं लालच हुनार!"

"मला काय माहीत!"

"नाशिकला हळद खात न्हाईत का?"

"खातो. शेळीला लावून धुवत नाही!"

"लिंबू!" नमिता ओरडली. "अबूबकर, लिंबू!"

अबूबकर सरबताच्या गाड्याकडे सुटला आणि ओंजळभर लिंबं घेऊन आला. तिघं मिळून चोळायला लागले. लाल पुन्हा पिवळं झालं, पिवळं फिकटलं, पण पुरतं जाईना. मैना बापडी जीभ काढून लिंबाचे ओघळ चाटत होती. तेवढ्यात भोंग्यावरून मुलांच्या गटाची हाक आली.

"जा," नमितानं दोर उर्वीच्या हातात दिला.

मग तिनं गावाकडे व्हिडिओ कॉल लावून फोन अमेयच्या हातात दिला. पडद्यावर आबा, म्हणजे श्रीपतराव, आणि त्यांच्या मागे अर्धी वस्ती दाटीवाटीनं उभी.

"त्यो पांढऱ्या कपड्यातला कोण, हंपायर का?"

"जज्ज हाय आबा. गप्प बसा जरा."

जज्ज म्हणजे पिकल्या दाढीचे एक गृहस्थ. एकेका जनावराचे दात बघत, पाठ चाचपत ते मैनेपाशी आले. नाकावरून बोट फिरवताना त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी पांढरा कागदी रुमाल काढून कपाळावर घासला. रुमाल पिवळसर झाला.

"हे काय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आतल्या मुलानंच उत्तर द्यायचं, बाहेरून बोलायचं नाही. नमितानं कठडा घट्ट धरला. उर्वीनं मैनेच्या कपाळाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "हळद." चक्क मराठीत. आणि त्यानंतर इंग्रजीचा धबधबा सुटला. आईनं लावली, कुणाची नजर लागू नये म्हणून. बाबांनी साबण लावला म्हणून लाल झाली. मग सगळ्यांनी लिंबू चोळलं, तुम्हाला दिसू नये म्हणून.

"लिंबाचं कशाला सांगितलं हिनं!" अमेय पुटपुटला.

जज्जांची दाढी हसल्यासारखी हलली, पण हातातल्या कागदावर फुली पडलीच. रंग म्हणजे रंग. मैना बाद. अबूबकर तिला आणायला आत निघाला. नमितानं कठड्यावरचा हात काढला. झालं, हिलाही कडेलाच उभं राहावं लागणार.

पण उर्वी जागची हलेना. "कॅन आय स्टिल डू माय राउंड?"

जज्जांनी कठड्यालगत खुर्ची टाकून बसलेल्या मालकीणबाईंकडे, हमिदाकडे पाहिलं. हमिदानं चहाचा पेला उंचावून अरबीत खणखणीत सुनावलं, "बाद शेळी झालीय, पोर नाही!" आणि सगळा मंडप हसला. जज्जांनी हात हलवला. "यल्ला, बिंत!"

चल, पोरी!

उर्वी निघाली. दहा पावलं झाली आणि मैनेनं चारी पाय रोवले. उर्वीनं ओढलं, तर ती बसायलाच निघाली.

"वडू नको म्हणावं!" फोनमधून आबा गरजले. "म्होरं जाऊ नको! खांद्यापाशी ऱ्हा तिच्या, दोर सैल सोड, आन् हनुवटीखाली बोट लाव. आपसूक निघंल!"

नमितानं ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं. नियम गेला खड्ड्यात, तशीही बादच होती. उर्वी मागे सरकली, खांद्याशी उभी राहिली, बोट लावलं. मैनेनं मान वर केली, ते बाकदार नाक उन्हात असं उचललं की लोकांनी टाळ्याच वाजवल्या, आणि दोघी चालू लागल्या. गालिच्याचं एक टोक, दुसरं, तिसरं, चौथं. पूर्ण फेरी!

"आबा," नमिता फोनकडे वळून म्हणाली, "हनुवटीचं मला कधी सांगितलं नव्हतं तुम्ही."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुला आत कुटं सोडलीवती मी," ते म्हणाले, आणि वस्तीतल्या कुणावर तरी उगाच खेकसले, "सरा की मागं, दिसंना झालंय मला!"

आत सगळी मुलं जनावरांसह रांगेत उभी राहिली. एवढ्यात उर्वी दोर घेऊन कठड्याशी आली, पाय आवळत. "मम्मी, होल्ड हर. आय हॅव टू पी. नाऊ!"

अमेय तिला उचलून पळाला. जाता जाता त्यानं फोन अबूबकरच्या हातात कोंबला. नमिता कठड्याखालून वाकून आत शिरली, दोर हातात घेतला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. शेवटची फेरी, सगळ्यांनी मिळून. पुढचं पोरगं निघालंसुद्धा. मागची पोरगी कोकराला घेऊन खोळंबली.

"माझी मुलगी येतीय..." नमिता जज्जांना सांगू लागली.

"नमे!" अबूबकरच्या हातातून आबांचा आवाज आला. "नुसती उभी काय ऱ्हायलीस? फिरव की!"

दहा-बारा पोरांच्या त्या ओळीत ती एकटीच मोठी. ओढणी लिंबाच्या रसानं चिकट झालेली, बोटं पिवळी. तिनं दोर सैल सोडला, मैनेच्या खांद्याशी सरकली आणि चालायला लागली. कठड्यापलीकडे अबूबकर फोन उंच धरून तिच्या बरोबरीनं पळत होता, आणि आबा ओरडत होते, "दमानं, दमानं! लई बेस!"