तिसऱ्या बाजाराची सुई

मी दवाखान्यातलं एक सुईचं कार्ड बोलतंय. पिवळ्या पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं. छापखान्यातून माझ्यासारखी हजार निघाली, पण माझ्यावर नाव पडलं ते मंजुळेचं. वय वर्षं तेरा.

तिचा बाप मल्हारी मेंढरं सोडून शहराकडं, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला. जवळच्याच मुकुंदवाडीच्या एका ओल्या खोलीत सात माणसं झोपायची. तिथं पोरीचा घसा धरला. घसा सगळ्यांचाच धरतो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाय. मग गुडघे सुजले. गुडघे उतरले तर कोपरं सुजली. वात म्हणून तेल चोळलं. पुढं पाण्याची घागर उचलली की पोरीला धाप लागाया लागली, तवा कुठं दवाखाना आठवला. डॉक्टर म्हणाले, घशातलं दुखणं काळजाच्या झडपेवर उतरलंय. आता दर एकवीस दिवसांनी सुई, अन् एकही चुकवायची नाय.

हवा बरी म्हणून मल्हारीनं पोरीला गावी आपल्या आईकडं, कस्तुराबाईकडं धाडलं. कस्तुराबाईला अक्षर येत नव्हतं. पण गावचा बाजार मंगळवारी भरतो, एवढं तिला पक्कं. बोटाच्या पेरांवर ती बाजार मोजायची अन् तिसरा आला की नातीला घेऊन पहाटंची एसटी धरायची.

दवाखान्याच्या बाकावर गावातल्याच बौद्ध वस्तीतली मालनबाई भेटायची. तिची लेक आशा, नववीत शिकणारी. ती खेड्यातच वाढलेली, तरी तिच्या काळजालाही तेच दुखणं. माझ्यावरची इंग्रजी तारीख आशाच वाचायची अन् हसायची, "आजी, तुझ्या बाजाराला कॅलेंडर लागत नाय बघ."

गावात मात्र दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. पोरीच्या काळजात खोट आहे म्हटल्यावर सोयरीक कोण करणार? मंजुळेलाही आजीनं सांगितलं होतं, ताकदीची सुई आहे म्हणून. अन् मला घातलं पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, कुलूप लावून.

मग अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. आमच्या गावातली माणसं वस्तीवर धावून गेली. मालनबाई डोक्यावर बोचकं अन् हाताला लेक घेऊन कस्तुराबाईच्या दारावरून गेली. कस्तुराबाई दारातच उभी होती. मला पेटीतून नुसती पावलं ऐकू आली, जवळ आलेली अन् लांब गेलेली.

बाजार बंद झाला. एक मंगळवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. बाजार भरला नाय, म्हणून आजीच्या बोटावरचं पेर काही पुढं सरकलं नाय. तारीख माझ्या अंगावर होती अन् मी कुलपात. बाहेर पोर कण्हायला लागली. आजी म्हणायची, पावसाळी ताप असंल.

पुन्हा बाजार भरले, तिची मोजणी पुरी झाली, तवा ती दवाखान्यात पोचली. आधीच्या सुईला सहा आठवडे झाले होते. सिस्टरनं विचारलं, इतका उशीर कसा? आजी म्हणाली, "बाजारच भरला नाय, बाई."

डॉक्टरांनी लई वेळ नळी लावून ऐकलं. झडप आणखी बिघडली होती. माझ्यावर नवी तारीख पडली. आजीनं सवयीनं मला बाकाकडं धरलं, पण वाचणारी तिथं नव्हती.

मालनबाई मुकुंदवाडीत भावाकडं राहते, असं कळलं. विचारत विचारत आजी तिथं गेली अन् मला पुढं केलं. आशानं मला लगेच हातात घेतलं नाय.

"आजी, आम्ही गाव सोडला तवा तू दारात व्हतीस ना?"

"व्हय."

"हाक मारली असतीस तर तारीख सांगून गेले असते."

आजी म्हणाली, "गाव काय म्हणंल, ह्याचं भ्याव वाटलं, माय."

मालनबाईनं मंजुळेला बाहेर ओट्यावर नेऊन पाणी दिलं. आशानं तारीख वाचली अन् सांगितलं, बाजार मोजू नकोस, दिवस मोज.

तेव्हापासून दिवस मावळला की आजी पेटीशेजारच्या गाडग्यात एक खडा टाकते. एकवीस खडे झाले की दुसऱ्या दिवशी सुई. पोरीला वाटतं, आजीचा काही नवस असंल. मंजुळा आता आजीच्या मेंढरांमागं जात नाय, उंबऱ्यावर बसून असते. अन् मी पुन्हा कुलपात. आजीचं भ्याव अजून गेलेलं नाय.

बायांनो, बाप्यांनो, पोराचा घसा दुखून सांधे सुजले तर तेल चोळत बसू नका. काळीज कोवळं असतं, शहरातलं काय अन् खेड्यातलं काय. अन् माझ्यासारखं कार्ड घरात आलं तर त्याला खुंटीला टांगा, चारचौघांच्या नजरेसमोर.

मला आज हे सांगायची घाई आहे. गाडग्यात एकोणीस खडे पडले, मी एकेक ऐकलाय. पण कालची संध्याकाळ गेली, खडा पडला नाय. आजही नाय. आजी तापानं फणफणलीय, किल्ली तिच्या कनवटीला आहे. उंबऱ्यावर पोरीची धाप ऐकू येतेय.

सुई उद्याच आहे. कुणीतरी हे कुलूप काढा.