चिठ्ठी लावलेली तार

रविवारी दुपारी बारा वाजता चिंतामणी देवतळे यांना दिलेली मुदत संपणार होती. सत्तावीस वर्षांच्या निळ्या गाडीची बॅटरी ती दोन दिवस उभी राहिली की उतरत असे. बारापर्यंत दोष सापडला नाही, तर भंगारवाल्याला फोन करायचा, असे त्यांनी पत्नीला, शकुताईंना, कबूल केले होते. दरवर्षी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून चेरीतालच्या घरी गणपती याच गाडीतून येई. ती जावी असे त्यांना मुळीच वाटत नव्हते.

खमरियाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे इलेक्ट्रिशियनचे काम केले होते, आणि आजचा तपासही तसाच शिस्तीत चालला होता. बॅटरीची एक तार सोडवून त्यांनी मध्ये एक छोटा दिवा जोडला. गाडी बंद, दारे बंद, डिक्की बंद. तरीही दिवा मिणमिणला. वीज कुठेतरी वाहत होती. त्यांनी एकेक करून सगळे फ्यूज काढले. दिवा विझला नाही.

फ्यूजमधून न जाता बॅटरीवरून थेट मागे जाणारी एक तार होती. तिच्यावर कापडी चिठ्ठी होती: ‘चिं. दे., ६-९-२००२’. जोड दिला की नाव-तारीख लावायची आणि सही असलेला जोड पुन्हा उघडायचा नाही, ही त्यांच्या सेक्शनची रीत. तीन दिवस त्यांचा हात त्या तारेला वळसा घालून पुढे गेला होता, आजही गेला.

पावणेबाराला त्यांनी फ्यूज परत बसवले, बॅटरी जोडली आणि पायरीवर बसून चहा घेतला. शकुताई डिक्की रिकामी करायला गेल्या.

"अगं बाई! केवढा तापला हा बल्ब!"

"डिक्की उघडली की लागतोच तो. तूच म्हणाली होतीस ना, बाप्पा अंधारात काहून येतील म्हणून?"

"अहो, पण मी आत्ताच उघडली. आत्ता लागलेला बल्ब इतका गरम काहून राहील?"

चिंतामणी उठले. झाकण लागले की दाबले जाऊन बल्ब विझवणारे डिक्कीच्या काठावरचे बटण त्यांनी दाबून पाहिले. ते गंजून अडकले होते. बल्ब जळतच राहिला. म्हणजे बंद डिक्कीतही तो रात्रंदिवस जळत होता. त्यांनी बल्ब काढला आणि तपासाचा दिवा पुन्हा जोडला. या वेळी तो लागला नाही.

"या बल्बाच्या तारेवर सही कोणाची आहे?" शकुताईंनी विचारले.

"माझीच."

"अच्छा! मग मेमो काढा देवतळेसाहेबांना. बायकोला तीन दिवस भंगारवाल्याची धमकी द्यायला लावली म्हणून."

ते हसले. बटण घासून, तेल देऊन त्यांनी मोकळे केले. मग चिठ्ठीसाठी नवी कापडी पट्टी कापून तिच्यावर आपले नाव आणि आजची तारीख लिहिली. खाली एक ओळ मोकळी ठेवून त्यांनी पेन पत्नीपुढे धरले.

"हे काय?"

"तपासणाऱ्याची सही. ती राहूनच गेली होती."

शकुताईंनी पदराला हात पुसले आणि पेन घेतले.