एक म्हणजे इनपुट

लेकाचा रिले! मोटर चालू-बंद करणारा एवढासा विजेचा खटका, सकाळपासून तीन बदलले, एकही टिक म्हणेल तर शपथ. उद्या दहा वाजता तेजश्रीच्या डिप्लोमा प्रोजेक्टची परीक्षा. बाहेरचे सर येणार. मोटर चालली नाही तर पोरीचं वर्ष गेलं. नवघरच्या आमच्या खोलीत दोन बादल्या मांडलेल्या. वरची रिकामी झाली की खालच्या बादलीतली छोटी मोटर आपोआप सुरू व्हायला हवी, एवढंच काम. सर्किटवरचा दिवा तेवढा लागत होता, तोही इतका मंद की हाताचा आडोसा करून बघावं लागे.

"सोल्डरिंग कच्चं आहे तुझं!" मी खेकसलो. वीस वर्षं कारखान्यात कंट्रोल पॅनल जोडतोय, मला कळत नाही होय?

"दोनदा केलं, पप्पा. तुमच्यासमोर."

आतून बायको ओरडली, "दोन्ही बादल्या अडवल्यात. नळाला पाणी आलं की भरू कशात, डोक्यात?"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, प्रोग्राम दाखव. चिपच्या प्रत्येक पिनला सुरुवातीलाच बजावावं लागतं, तू बाहेरचं ऐकायचं की हुकूम सोडायचा. ऐकणारी इनपुट, हुकूम सोडणारी आउटपुट. आमच्या कारखान्यातल्या चिपमध्ये एक लिहिलं की इनपुट, शून्य लिहिलं की आउटपुट. तिनं तस्संच लिहिलं होतं.

"मग बरोबर तर आहे!"

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच ओळीपुढे तिनं स्वतःसाठी टीप लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'पुस्तकात उलटं आहे. पप्पा ओरडले म्हणून बदललं.'

गुरुवारचं जेवण आठवलं. पुस्तक घेऊन आली होती बिचारी. "पप्पा, ही चिप वेगळ्या कंपनीची आहे, हिच्यात..." मी ताटावरून मानसुद्धा वर केली नव्हती. "एक म्हणजे इनपुट! रोज तेच करतो मी. कोणाला शिकवतेस?"

"अगं, मग सकाळपासून मला रिले बदलू दिलेस? बोलायचं नाही?"

"बोलले होते ना," ती म्हणाली.

तिनं एकाचं शून्य केलं, शून्याचं एक केलं, प्रोग्राम पुन्हा चिपमध्ये भरला. टिक! मोटर घरघरली, पाणी वर चढलं. दिवा लख्ख.

"ही टीप काढू का, पप्पा? सर प्रिंट वाचतात."

लाज वाटली मला, खरंच सांगतो.

"राहू दे," म्हटलं. "वाचू देत त्यांना."