तुटायचं दार

पैलवानाने तिसऱ्यांदा खांदा मारला आणि दाराऐवजी तोच खाली बसला.

तालमीच्या खोलीत हशा पिकला. खरं तर तो वर्गातला काडीपैलवान. पण अर्धा शब्द गाळून सगळे त्याला पैलवानच म्हणत. खांदा म्हणावा असं त्याच्याकडे फारसं काही नव्हतंच. नाटकात मात्र तो थोरला भाऊ होता, आणि दुसऱ्या अंकात थोरला भाऊ बहिणीच्या खोलीचं दार तोडून आत शिरतो, असं लेखकाने लिहून ठेवलं होतं.

नेपथ्य शिकवणाऱ्या बाई उठल्या आणि दाराच्या मागच्या बाजूला गेल्या. बाई सडसडीत, सरळसोट, कानामागे कायम पेन्सिल. मुलं पाठीमागे त्यांना फूटपट्टी म्हणत आणि आपलं हे गुपित बाईंना ठाऊक नाही अशा भ्रमात असत. अभिनय शिकायला आलेल्या मुलांना त्यांनी पहिलं अख्खं सत्र करवत, रंधा आणि पटाशी हातात देऊन भुसा झाडायला लावलं होतं. ज्या भिंतीपुढे उभं राहून बोलायचं ती भिंत आधी उभी करता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"ही कडी कोणी बसवली?"

"मी," धाकटी म्हणाली.

घरी ती धाकटी होतीच. वर्गातही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तेच नाव चिकटलं. बाईंनी चौकटीवरचा कोयंडा धरून ओढून पाहिला. चार लांब स्क्रू, डोकी लाकडात नीट बुडवलेली, कुठे चीर नाही.

"काम चोख आहे," बाई म्हणाल्या. "पण हे घरातलं दार झालं. घरातलं दार टिकावं लागतं. आपलं तुटावं लागतं. तेही प्रत्येक प्रयोगाला, आणि पैलवानाचं हाड न मोडता."

"माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे," पैलवान जमिनीवरूनच म्हणाला.

पुन्हा सगळे हसले. धाकटी हसली नाही. तिला राग आला नाही, की ओशाळंही वाटलं नाही. आई गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नसे. मागच्या आठवड्यात अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हाही ती काळंनिळं होत चाललेल्या नखाकडे नुसती बघत राहिली होती, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखी. नातेवाईक तिला धीराची पोर म्हणत. धीर वगैरे काही नाही, हे तिला ठाऊक होतं. आत हाक मारावी तर कुणी ओ देत नव्हतं, एवढंच.

आई सुट्टीत गेली हे वर्गाला माहीत होतं. कशी गेली, हे कुणी विचारलं नव्हतं.

"स्क्रू काढ," बाई म्हणाल्या. "कोयंडा चौकटीला लावायचाच नाही. एक ठोकळा घे, कोयंडा त्याला लाव. चौकटीत खाच कर, ठोकळा तिच्यात सैलसर बसव, आणि गिरमिटाने आरपार भोक पाडून एक लाकडी काडी घाल. सगळा भार त्या काडीवर. धक्का बसला की काडी मोडते, ठोकळा निघतो, दार उघडतं. बाकी सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी नवी काडी."

"काडी किती जाड?"

"ते मी सांगून उपयोग नाही. करून बघ. वाऱ्याने मोडायला नको आणि माणसाने धक्का दिला की अडायला नको. मधलं सापडेल."

ते मधलं शोधण्यात धाकटीचा सगळा आठवडा गेला. मऊ लाकडाची पट्टी चिरायची, रंध्याने गोल करत आणायची, भोकात घालायची आणि खांद्याने दार ढकलायचं. पहिली काडी दार लोटतानाच मोडली. दुसरीने तिचाच खांदा दुखावला. मग ती एक काडी करायची, मोडायची आणि तिच्याहून केसभर बारीक दुसरी करायची. मुलं संवाद पाठ करत फिरत होती आणि कोपऱ्यातून मधूनमधून टक् असा आवाज येत होता.

"मोडताना मोठा आवाज येत नाही," ती बाईंना म्हणाली.

"तो आपण विंगेतून काढू. पातळ पट्ट्या मोडायच्या. प्रेक्षकाला वाटतं, दार तोडणं म्हणजे मोठा कडकडाट."

धाकटीने पुढची पट्टी चिरायला घेतली. तिला तो कडकडाट ठाऊक होता.

घरातल्या न्हाणीघराची कडी बाबांनी बसवली होती. बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला. आयुष्य तांदळाएवढे स्क्रू फिरवण्यात गेलेलं. जुनी कडी खिळखिळी झाली म्हणून आई रोज टोकायची, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बाजारातून जाडजूड कडी आणली, बोटाएवढे लांब स्क्रू आणले आणि दुपारभर खपून ती बसवली. वर आईला म्हणाले, "आता हत्ती आला तरी उघडायचं नाही." आई म्हणाली, "हत्ती कशाला येतोय माझ्या अंघोळीला." दोघं हसली होती.

त्या सकाळी आई आत पडली तेव्हा बाबा बाहेर पेपर वाचत होते. "झालं का गं?" त्यांनी विचारलं, मग दुसरं पान उलटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पान उलटलं. नळ चालू होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यानंतर दार तुटायला फार वेळ लागला. बाबांचा खांदा सुजला, शेजारच्यांनी पहार आणली, आणि धाकटी आईचा टॉवेल हातात धरून मागे उभी राहिली. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. लवकर आणून उपयोग झाला नसता, असंही म्हणाले नाहीत.

पुढे बाबांनी दार बिजागऱ्यांतून काढून गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि न्हाणीघराला पडदा लावला. सुतार दोनदा येऊन परत गेला. मोठी ताई सासरहून फोन करून म्हणायची, "बाबा, बरं दिसतं का ते, न्हाणीघराला पडदा? उद्या माझ्या सासूबाई आल्या तर?" बाबा "बघू" म्हणायचे आणि फोन धाकटीकडे द्यायचे.

पडद्याआड गेलं की बाबा पाढे म्हणत. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. अंगावर पाणी घेतानाही खंड पडू देत नसत. धाकटी आत असली की बादलीवर अधूनमधून तांब्या आपटायची. असं करायचं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चुकून शांतता झालीच, तर बाहेरचा माणूस हातातलं काम टाकून पडद्यापाशी येऊन उभा राहायचा.

शनिवारी तालमीत पैलवानाने धावत येऊन दाराला खांदा लावला. टक् झालं, दार सताड उघडलं आणि तोल न आवरून तो रिकाम्या खोलीच्या मधोमध जाऊन पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने उठून वाकून मुजरा केला आणि धाकटीकडे बोट दाखवलं.

मुलं गेल्यावर ती बाईंपाशी गेली.

"बाई, करवत, पटाशी, रंधा आणि गिरमिट उद्यापुरतं घरी नेऊ का?"

"कशाला?"

"एक दार आहे. त्याला असंच करायचंय."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि उगाचच बोटांत फिरवली.

"घरात कोण तोडणार दार?"

"कुणी नाही. पण तुटलं पाहिजे."

 बाईंनी कपाट उघडलं, हत्यारं कापडात गुंडाळली आणि पटाशीच्या धारेवर आपला रुमाल बांधून दिला. "धार ताजी आहे, सांभाळून," एवढंच म्हणाल्या.

रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असे. बाबा गेल्यावर धाकटीने पडदा काढला. चौकट पहारेने फाटली होती. तिने फाटकं लाकूड सरळ रेषेत कापून काढलं, तिथे नवा तुकडा बसवला, रंधा मारून तो चौकटीबरोबर आणला, त्यात खाच केली आणि कोयंडा लावलेला ठोकळा तिच्यात सैलसर बसवला. गॅलरीतलं दार एकटीने उचलवेना, म्हणून ते एकेक कोपरा पुढे सरकवत आणलं. दारावर बाबांची कडी होती तशीच होती, वाकलीसुद्धा नव्हती. तिने ती काढली नाही. बिजागऱ्या बसल्या, दार लोटलं तर ते पूर्वी जिथे घासायचं तिथेच घासलं. मग तिने तालमीत केलेल्या काड्यांच्या डब्यातून एक काडी काढून ठोकळ्यात घातली आणि भुसा झाडून घेतला.

बाबा आले आणि पायांतल्या चपलांसह पॅसेजमध्येच थांबले. पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"कोणी केलं?"

"मी."

ते जवळ आले. नव्या लाकडाच्या सांध्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग दार आत ढकलून मागची बाजू पाहिली.

"तीच कडी."

"कडी तीच आहे. कोयंडा वेगळा बसवलाय," ती म्हणाली. काडी, ठोकळा, खाच, सगळं तिने बोट लावून दाखवलं. "आतून कडी लागते. रोजच्या वापराला काही होत नाही. पण बाहेरून ढकललं की ही काडी मोडते. तुम्ही आत जा, कडी लावा आणि बाजूला उभे राहा. मी दाखवते."

बाबा हलले नाहीत.

"तू जा आत," ते म्हणाले.

ती आत गेली, दार लावून घेतलं आणि कडी सरकवली. पूर्वीचाच आवाज आला. फरशी कोरडी होती. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. कडी लावलेल्या दाराआड ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच उभी होती. बाहेर काहीच हालचाल नव्हती. बाबा निघून गेले की काय, असं तिला वाटलं.

"झालं का गं?"

आवाज तिच्यासाठी नव्हता. तिच्याशी बाबा असं कधी बोलत नसत. शेवटी किंचित चिडवणं असलेला तो सूर आईसाठीचा होता, आणि इतक्या दिवसांत तो तिने ऐकला नव्हता.

तिने तोंड उघडलं. झालं, असं म्हणता आलं असतं. ती तशीच एक पाऊल मागे सरली, भिंतीला पाठ लावली आणि गप्प राहिली.

बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

टक् झालं आणि दार उघडलं. बाबा दारात उभे होते, उजवा हात पुढे केलेला. खांदासुद्धा लावला नव्हता त्यांनी, नुसता तळहात. त्या तळहाताकडे ते बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच."

ते खाली बसले. फरशीवर चाचपून त्यांनी काडीचे दोन्ही तुकडे शोधले आणि दुकानात भिंग धरतात तसे डोळ्यांजवळ नेले. त्यांचे ओठ हलत होते, पण पाढा नव्हता.  धाकटीला वाटलं, आपण त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा. हात कसा ठेवतात ते आठवेना.

"आणखी आहेत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"डबाभर आहेत."

"लाव एक." ते दाराला धरून उठले आणि बाहेर गेले. "आणि जा आत."

तिने ठोकळा खाचेत बसवला, नवी काडी घातली, दार लावलं, कडी सरकवली. पुन्हा तीच फरशी, तोच नळ. आपण बाजूला व्हायला हवं हे तिला कळत होतं, पण पाय उचलेनात. तिने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. आईचा टॉवेल अजून खुंटीवर होता. ताईने तो धुऊन पुन्हा तिथेच लावला होता. धाकटीने तो ओढून घेतला, त्यात तोंड खुपसलं आणि मग जे आलं ते अडवलं नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडावा असं तिच्या मनात आलं. तिने नळ सोडला नाही.

बाहेर पावलं दाराच्या अगदी जवळ आली. दाराला तळहात टेकल्याचं तिला कळलं; कडी कोयंड्यात किंचित खुळखुळली.

"झालं का गं?" या खेपेला सूर साधा होता, तिच्याशी बोलायचा.

"नाही," ती टॉवेलमधून म्हणाली. "थांबा जरा, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले.

तळहात दारावरून निघाला. मग बाहेर, दारालगतच, ते खाली बसल्याचा आवाज आला.