गोधडीचा चौथा कोपरा

सुती कापड करपलं की जळक्या कागदासारखा वास येतो. हा तसा नव्हता. हा प्लास्टिकचा होता.

कमळने इस्त्री झटक्यात उचलली. गोधडीत प्लास्टिक आलं कुठनं? सगळं तिनेच तर जमवलं होतं. सासूची, सोनूबाईची, तीन जुनी लुगडी. नवऱ्याच्या, दयारामच्या, धुऊन धुऊन विटलेल्या लुंग्या. धावदोरा तिच्या हातचा. फक्त काठ धाकट्या जावेने, तुळशीने, मशीनवर लावून दिलेला, आणि तोही सासूच्याच हिरव्या लुगड्याचा. सूत, सूत आणि सूत.

तिने कोपरा नाकाशी नेला. मग मागे वळून बघितलं. आतल्या खोलीत तिची लेक अमिषा कुशीवर झोपली होती. दुपारची वेळ, पंखा फुल्ल. आठवा महिना. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोनदा पोर रिकाम्या हातांनी घरी आली. तिसऱ्या खेपेला जावई निकेत तिला उरणहून इथे सोडून गेला तेव्हा एकच बोलला होता, "आता तुमच्यावर हाय, आई."

कमळवर होतं. म्हणून ती कोपऱ्याचा वास घेत उभी होती.

०

तीन कोपरे नीट झाले होते, ते असे.

कमळचा स्वतःचा कोपरा म्हणजे साधं काम: एक पट्टी आडवी, तिच्यावर दुसरी उभी, टाके घाला, सुटलात. तुळशीचा कोपरा तिरका. दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटतात आणि जोड आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत तिरपा जातो, भिंतीवरच्या तसबिरीच्या चौकटीसारखा. त्याला कापड जास्त लागतं, दोन्ही टोकांना पट्टीच्या रुंदीएवढं. नागावच्या होमस्टेवाल्यांचे पडदे आणि टेबलावरची कापडं शिवता शिवता तुळशी हे शिकली. कमळकडे इस्त्रीचं काम होतं. गोधडी पालथी टाकायची, पाणी शिंपडायचं, जोडाची शिवण बोटाने दोन्हीकडे उघडायची आणि इस्त्री ठेवायची. ठेवायची, घासायची नाही. घासली की तिरकं कापड ताणलं जातं आणि कोपरा वेडावाकडा होतो. मग वरून अस्तर दुमडायचं.

पहिला बसला. दुसरा बसला. तिसरा तर असा बसला की कमळने त्यावरून हात फिरवला आणि जावेचं मनात कौतुक केलं.

चौथा मागून आधीच बंद होता.

तिन्ही कोपऱ्यांचं अस्तर उघडं ठेवलेलं आणि चौथ्याचं शिवून टाकलेलं. बारीक, हाताच्या टाक्यांनी. मशीन असलेली बाई हाताने कशाला शिवेल?

आणि गोधडी देताना उंबऱ्यातून म्हणाली होती, "चौथ्याला इस्त्री नको लावू, बाय. तो ऱ्हाऊ दे. मी येऊन करीन."

"का गो?"

"ऱ्हाऊ दे म्हटलं ना."

म्हणूनच कमळने चौथ्यालाही इस्त्री लावून बघितली होती.

०

कमळने काय काय पाहिलं होतं:

मंगळवारी तुळशी आली ती ओटीवर टेकली नाही. सरळ अमिषाच्या खोलीत. दार लोटलेलं. कमळ चहा घेऊन गेली तर दोघी गप्प, आणि अमिषाचे डोळे ओले.

शनिवारी गोधडी न्यायला आली तेव्हा जाताना अमिषाच्या पोटावर तळहात ठेवला. चांगला मोजून दहा श्वास.

गोधडी दोन दिवसांत देते म्हणाली, पाच लावले.

तुळशीला मूल नाही. हे कमळने पाहिलं असं नाही, हे सगळ्यांना माहीतच. पण या यादीत ते कधी येऊन बसलं ते तिला कळलं नाही.

०

शकू शेजारीण. बोंबील वाळत घालायच्या काठ्या दोघींच्या लागून. एक एक बोंबील दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून काठीवर टाकता टाकता शकूचं तोंडही चालतं.

"गोधडी तुळशीकडं दिलीस म्हणं?"

"काठ लावाया."

"काठ. बरं."

"बरं म्हंजे?"

"बरं म्हंजे बरं. मी काय बोलतेय?"

"मग त्वांड का वाकडं केलंस?"

"ऊन लागतंय डोल्यावर. न्हाय, मी आपलं आठवलं म्हणून. पहिल्या टायमाला हॉस्पिटलात डबा घेऊन तीच आल्ती ना? दुसऱ्या टायमाला पण तीच?"

"जाऊ हाय माजी. ती न्हाय येणार तर तू येणार व्हय? तू तर संत्रं पण न्हाय पाठवलंस."

"घे! मी संत्र्याचं काय बोलले? पोरीला संभाळ म्हणते. रिकाम्या हाताची बाई असली की तिचं वाईट नसतंय मनात, पण..."

इथे कमळने रिकामी टोपली उचलली आणि घरात आली. पण पुढचं वाक्य तिने स्वतःच पुरं केलं. एकदा नाही, आठवडाभर.

०

आता ब्लेड.

दयारामच्या दाढीचं ब्लेड तिने आणलं, कारण कात्रीचा आवाज होतो. बसली दाराकडे तोंड करून. मागचे टाके इतके बारीक की ब्लेडचं टोक शिरेना. मग तिने गोधडी उलटली आणि समोरचा तिरका जोडच उसवायला घेतला. एक टाका. दुसरा. आत काय असेल? तिने ऐकलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. टाचण्या. केस. काळा दोरा. मसणातलं काही. पेणकडे कुणाच्या उशीत सापडलेलं लिंबू, त्याला पंधरा वर्षं झाली तरी लोक कालच्यासारखं सांगतात. कोपऱ्यात बोटाला गाठ लागत होती. लहान. कडक. वाटाण्याएवढी.

अमिषा आत कूस वळली. पलंग वाजला. कमळचं ब्लेड थांबलं.

पुन्हा चाललं.

जोड सुटला. तिने दोन बोटं घातली आणि ओढलं. आलं ते पांढरं मलमल, त्रिकोणी घडी घातलेलं. घडीला गुलाबी नायलॉनची फीत, इस्त्रीने वितळून कापडाला चिकटलेली. गाठ त्या फितीची.

तिने घडी उलगडली. टोपडं होतं.

तान्ह्या बाळाचं, नारळाच्या करवंटीएवढं. कडेला हिरव्या दोऱ्याची पानं, तीन सरळ आणि चौथं भलतीकडे वळलेलं. ते पान वळलं तेव्हा दयाराम होडीवरून आला होता आणि जेवण मागत होता, म्हणून घाईत. हे कमळला ठाऊक होतं. कारण टोपडं तिनेच शिवलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी. तुळशीच्या बाळासाठी. ते नऊ महिने पुरे करून अलिबागला जन्मलं आणि रडलं नाही.

०

पहिला विचार (तो बरा नव्हता): मेलेल्या पोराचं टोपडं माझ्या नातवाच्या अंथरुणात.

दुसरा विचार: मुद्दाम.

तिसरा यायच्या आत तिने ते चुलीत टाकायला उचललं, आणि टाकलं नाही. चूल पेटलेली नव्हती म्हणून असेल. ते लुगड्याच्या घोळात खोचून ती कोपरा मिटवायला बसली. तुळशी चार वाजता येणार होती. तिच्यादेखत हा कोपरा बंद हवा, सपाट हवा, काही झालंच नाही असा.

पट्ट्या दुमडल्या. जोड सरळ आला, तिरका नाही. उसवला. पुन्हा दुमडल्या, तर कोपऱ्याला चोच आली. तिसऱ्यांदा ओलं करून इस्त्रीने घडी पाडली, आणि घाईत घासली. कापड ताणलं. आता एक पट्टी दुसरीपेक्षा बोटभर लांब. सोनूबाईचं ते हिरवं लुगडं एवढंच उरलेलं, दुसरी पट्टी मिळायची नाही. चाळीस वर्षं सुई धरलेली बाई चार बोटांच्या कोपऱ्यापुढे घामाघूम झाली.

"कोपरा का उसवलास, बाय?"

तुळशी दारात होती. चार वाजायला अजून वेळ होता.

कमळ उठली. लपवाछपवी तिला नाहीतरी जमत नसे. तिने घोळातून टोपडं काढलं आणि पुढे धरलं.

"हे काय हाय?"

"तुला ठावं हाय काय हाय ते."

"माज्या पोरीच्या गोधडीत का घातलंस? काय वाईट केलं तिनं तुजं? सांग. कुणी सांगितलं घालाया? कुठल्या भगताकडं गेल्तीस?"

तुळशी हसली नाही, रडली नाही. चप्पल काढून आत आली आणि आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. ते तसंच चालू राहिलं होतं.

"हे टोपडं कुणी शिवलं?"

कमळची नजर त्या वळलेल्या पानावर गेली.

"आठव्या म्हैन्यात आणून दिलंस. आपल्यात पोटातल्या पोरासाठी आधी काय शिवत न्हाय, आणत न्हाय. सासू बोलली, शकू बोलली, तू म्हणालीस मला हौस हाय. मी डोक्याला लावून बघितलं." तिने टोपडं घेतलं नाही. नुसती बघत होती. "मग पोर रडलं न्हाय. अकरा वर्सं झाली, बाय. मी एकदा तरी तुला इचारलं, का शिवलंस म्हणून?"

बाहेर कुणाचीतरी स्कूटर गेली. कमळच्या हातातलं टोपडं खाली येत येत तिच्या पोटाशी आलं.

"काकीनं मला विचारलं होतं."

अमिषा. दाराची चौकट धरून, पोट सांभाळत, झोपेतून उठल्याने गालावर उशीची घडी.

"काय इचारलं?"

"ठेवू का म्हणून. त्या मंगळवारी. मी हो म्हटलं."

"आणि मला?"

"तू न्हाय म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! अपशकुनी वस्तू ती..."

"आई." अमिषा पलंगाकडे परत गेली नाही. भिंतीला टेकून हळूच खाली बसली. "माझ्या दोघांचं काहीच नाही ठेवलं गं कुणी. टोपडं नाही, दुपटं नाही. आधी शिवायचं नाही म्हणून शिवलं नाही, आणि नंतर काही राहिलंच नाही. काकीकडे एक तरी आहे. ती म्हणाली, कपाटात पिवळं पडतंय, कुणाच्या तरी जवळ असू दे. मला बरं वाटलं. भीती नाही वाटली. तुला कशाला सांगू, तू भीतीच दिली असतीस."

कमळला बसावंसं वाटलं आणि ती बसली, गोधडीवरच.

"मग कापून घालायचं," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून. "पातळ बसलं असतं. अख्खं घातलंस म्हणून तर फुगलं."

"कापवलं न्हाय," तुळशी म्हणाली. पडद्यांचं अख्खं ठाण डोळे मिटून कापणारी बाई. "म्हणूनच सांगितलं व्हतं, इस्त्री लावू नको. फीत नायलॉनची. तूच अलिबागच्या बाजारातनं आणलेली, स्वस्तातली."

मग कमळने इतक्या हळू विचारलं की अमिषालाही ऐकू गेलं नसेल.

"तुला वाटलं व्हतं? माज्यामुळं झालं म्हणून?"

कमळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. न्हाय म्हणेल, म्हणायलाच हवं, कुणीही म्हणेल. आणि न्हाय म्हणाली तर खरं की खोटं हे आता कसं ओळखायचं?

"व्हय," तुळशी म्हणाली.

"किती दिस?"

"दोन वर्सं. तुज्या हातचं पानी पन नको वाटायचं. तू यायचीस, मीठ दे म्हणायचीस, मी मुठीनं मीठ द्यायची आणि मनात शिव्या द्यायची."

"आणि मग?"

"मग काय. तू परत दुसऱ्या दिवशी यायचीस. किती दिस तसं वाटून घेणार? कंटाला आला."

अमिषाला हसू फुटलं. पोटाला हात लावून, थांबवत थांबवत हसली. कमळला हसायला आलं नाही. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत ती याच बाईच्या घरी रोज गेली होती, आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. आणि या आठवड्यात मात्र तिला सगळं दिसत होतं.

तिने टोपडं मांडीवर घेतलं. वितळलेली फीत नखाने सुटते का बघितली. सुटेना. मग तिने त्याची पहिली होती तशी त्रिकोणी घडी घातली आणि उसवलेल्या कोपऱ्यात ठेवली. भीती गेली नव्हती. नातवंड घरात येऊन, रडून, दूध पिऊन झोपेपर्यंत ती जाणारही नव्हती. पण ही भीती आता तुळशीची नव्हती.

"ही पट्टी ताणली गेली," ती म्हणाली. "घासली मी."

"दिसतंय."

"आता?"

तुळशी समोर बसली. ताणलेली पट्टी तिने हातात घेतली, उजेडाकडे धरली, ओठ मुडपले.

"ओलं फडकं टाकून वाळू दे, थोडी आक्रसेल. उरलेलं टाक्यात जिरवू. ब्येस न्हाय बसणार."

"नको बसू दे."

"मग धर. अशी न्हाय, बाय. तिरकी. आनी वढू नको."

कमळने पट्टी तिरकी धरली.