मोजलेली सावली

मी एक जुनी दोरी आहे. अर्धीच आहे, हे आधी सांगून टाकते, मित्रांनो. माझा दुसरा तुकडा ग्रीसमधल्या कोरिंथच्या कालव्याच्या भिंतीत आहे.

अंबाडी वळून मला घडवलं, हातहात अंतरावर गाठी मारल्या. मुकादम लाम्ब्रोस मला कड्यावरून खाली सोडी आणि खोदकाम किती उतरलं ते मोजी. दोन समुद्रांमधला खडक माणसं पाव कापावा तसा कापत होती. तळाशी पोचले की वरचं आभाळ मला माझ्याइतकंच अरुंद दिसे.

या कामात झेफिरिस मालकांनी आपली सारी दौलत ओतली होती. ब्रैला बंदरातल्या गव्हाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले म्हातारे गृहस्थ.

एका वसंतात कडा ढासळला आणि माणसं गाडली गेली. आधाराची भिंत बांधायची ठरली, पण खाली कुणी उतरेना. आमच्याकडे भिंत सावलीवर उभी राहते. वाटेनं जाणाऱ्याची सावली गुपचूप मोजायची आणि ती दोरी पायाच्या दगडाखाली पुरायची. भिंत टिकते, सावलीवाला वर्षाच्या आत जातो.

भर दुपारी लाम्ब्रोस मला घेऊन वाटेवर बसला. समोरून पाणी विकणारी विधवा कातिंगो येत होती. मागून मालक आले.

"इथं काय करतोयस?"

"ऊन खातोय, मालक."

"दोरी घेऊन?" मालकांनी कातिंगोकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. "तिची पोरं लहान आहेत. माझी मोज."

"मालक, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? फक्त ऊन कलू दे. आत्ता वीतभर भरेल. लोक म्हणतील, म्हातारा इथंही चिक्कूपणा करून गेला."

ऊन कललं. मालक कड्यावर ताठ उभे राहिले.

"टोपी काढू?"

"राहू द्या," लाम्ब्रोस कसाबसा म्हणाला. "तेवढीच उंची."

त्यानं मला सावलीवर अंथरलं आणि सुरीनं कापलं. दुसऱ्या सकाळी तो तुकडा पायाच्या दगडाखाली पुरला, आणि सगळे खाली उतरले.

वर्ष उलटलं, दुसरंही. पहिलं जहाज भिंतींमधून सरकत गेलं, तेव्हा काठावर हजारो माणसं जमली होती. मालक लाम्ब्रोसच्या खांद्याला धरून उभे होते.

"मालक, तुम्ही अजून इथंच?"

"सावली लांब होती रे. वेळ लागतोय."

त्याच हिवाळ्यात ते गेले.

आता मी लाम्ब्रोसच्या नातीच्या घरी खिळ्याला आहे, धागे सुटताहेत. माझं राहू द्या, मित्रांनो. पण त्या भिंतीवर खडे मारू नका. तिच्या पायात एक माणूस उभा आहे, टोपीसकट.