अर्धा सूर

चार मिनिटांत परीक्षकांना गार करील असा पीस कोणता, यावरून ट्यूनरच्या घरात बहीणभावाची चांगलीच जुंपली होती. स्पर्धेचा नियम साधा होता: एकच रचना, आपल्या पसंतीची, चार मिनिटांच्या आत. जिंकणाऱ्याला संगीत विद्यालयात फुकट प्रवेश. वयाच्या अटीमुळे ट्यूनरच्या लेकीचं हे शेवटचं वर्ष होतं, आणि हेही हुकलं तर दंतवैद्याच्या दवाखान्यातली काउंटरवरची खुर्ची तिची वाट बघत होती. दंतवैद्याने तसं दात दाखवत सांगूनही ठेवलं होतं.

ट्यूनर म्हणजे पियानो जुळवणारा. शहरातल्या शाळा, हॉटेलं, सभागृहं, निम्म्याअधिक ठिकाणचे पियानो त्याच्या हातचे. बहीण त्याला कानसेन म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असायचा. लेक रांगत असताना तिची आई गेली, तेव्हा ही आत्या चार दिवस म्हणून आली आणि राहिलीच. पूर्वी ती एका हॉटेलात पियानो वाजवायची. लोक समोर बसून जेवायचे, ऐकायचं कोणी नाही. भाचीला तिनेच घरी शिकवलं.

आत्याचं म्हणणं, पीस धावता हवा. दोन्ही हात एकमेकांवरून उड्या मारताहेत, सुरांचा इकडून तिकडे पाऊस पडतोय, असा. परीक्षकांना सकाळपासून जांभया आवरत नसतात, त्यांना आधी जागं करायला हवं. शिवाय गेल्या वर्षी एका छोट्या कार्यक्रमात पोरगी दुसऱ्याच ओळीत अडखळली होती, ते आत्या विसरली नव्हती. सगळ्यांनी त्याला भीती असं नाव दिलं होतं.

"धावत्या पीसमध्ये घाबरायला सवडच मिळत नाही, दादा," ती म्हणाली. "हातांना वाट पाठ असते. डोकं बंद पडलं तरी हात घरी आणून सोडतात."

ट्यूनरला हे पटेना. धावणारे पीस काय, सगळीच पोरं वाजवतात, ती नुसती बोटांची कसरत. आपल्या लेकीची ताकद बोटांत नाही, कानात आहे. त्याने संथ रचना काढली. सूर थोडे, मधे मोकळी जागा भरपूर, एकेक सूर ऐकून मग पुढचा ठेवायचा. अशी शांतता सभागृहात पसरली की परीक्षक आपोआप ताठ बसतात, असं तो म्हणाला. आणि गेल्या वर्षीची गोष्ट काढायचीच तर ती भीती नव्हतीच. पोरीने घरी येऊन स्वच्छ सांगितलं होतं की तो पियानो भलतंच वाजत होता. तो जुळवला होता दुसऱ्याने, आणि त्या माणसाच्या कानाबद्दल ट्यूनरचं मत संध्याकाळच्या जेवणात ऐकवण्याजोगं नव्हतं.

"या खेपेला सभागृहाचा पियानो मी स्वतः जुळवणार आहे," तो लेकीला म्हणाला. "पियानो चुकणार नाही. तू फक्त ऐक आणि वाजव."

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि संथ पीस उचलला. आत्या हात झटकून भांडी घासायला गेली.

घरचा पियानो कुठल्याशा शाळेने भंगारात काढलेला. लेक पाळण्यात होती तेव्हा तो ट्यूनरने टेम्पोत घालून आणला, आणि पहिल्याच दिवशी ताणताना गंजलेल्या दोन तारा तुटल्या. एकीने त्याच्या गालावर ओरखडा काढला, तो अजून दाढी करताना लागतो. मग त्याने जुन्या पियानोला करतात तेच केलं: सगळ्या तारा सारख्याच सैल करून अख्खा पियानो अर्धा सूर खाली उतरवला. आपापसात तारा जुळलेल्या, त्यामुळे गाणं बेसूर होत नाही, सगळंच्या सगळं जरा खालून वाजतं इतकंच. पुढे नव्या तारा घालू आणि वर चढवू, असं त्याने ठरवलं होतं. दुसऱ्यांचे पियानो जुळवण्यात ते पुढे कधी आलंच नाही.

त्याच पियानोवर लेक मोठी झाली. इमारतीच्या लिफ्टची घंटा वाजली की ती धावत जाऊन नेमकी तीच पट्टी दाबायची. किटलीची शिटी, दाराची कुरकुर, सगळ्याला तिच्याकडे पट्टी होती. आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंडावरून ओळखतो, तसे तिला सूर ओळखू यायचे. ट्यूनर खिशातला नादकाटा, कायम एकच पक्का सूर देणारा तो दोन दातांचा चिमटा, गुडघ्यावर आपटून पडताळून बघायचा. खरा सूर शेजारच्या पट्टीचा निघायचा, एक घर अलीकडचा. निघणारच, पियानोच उतरवलेला. त्याला त्याची गंमत वाटायची. पोरीच्या डोक्यात सगळे सूर एकेक घर सरकून कायमचे बसताहेत, हे त्या कानसेनाच्या मनातही आलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी त्याने सभागृहाचा पियानो जुळवला. आयुष्यात एवढं जीव ओतून त्याने कधी काम केलं नव्हतं. शिपाई झाडू घेऊन ताटकळला, मग कंटाळून खुर्चीतच पेंगला. शेवटी ट्यूनरने नादकाटा वाजवला, पट्टी दाबली, आणि दोन्ही आवाज एकमेकांत विरघळून गेले. स्वतःशीच मान डोलवत त्याने झाकण लावलं.

स्पर्धकांना आधी पियानोला हात लावू देत नव्हते. मागच्या खोलीत दार लावून बसवलं होतं. लेकीचा नंबर आला तेव्हा ट्यूनर शेवटच्या रांगेत होता, आत्या त्याच्या शेजारी पर्स घट्ट धरून.

लेक बसली, तिने पहिले सूर वाजवले आणि थांबली. त्या पीसमध्ये तिथे थांबायचंच होतं, पण इतकं नाही. तिने पुढचे सूर वाजवले. मग मान खाली घालून ती आपल्या हातांकडे बघू लागली, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. आत्या पुटपुटली, "हिला झालं काय?" तेवढ्यात लेकीने दोन्ही हात उचलले, एक घर डावीकडे सरकवले आणि तिथून वाजवायला लागली.

ट्यूनरला सगळं कळलं: तिच्या कानाला घरचा उतरलेला सूरच खरा होता, आणि गेल्या वर्षीचा पियानोही बरोबरच वाजत होता. काळीच्या जागी पांढरी, पांढरीच्या जागी काळी, बोटांना एकही वाट ओळखीची उरली नव्हती. चारपाच सूर लागले, मग दोन घसरले, मग हात पट्ट्यांवर नुसते पडून राहिले. एका परीक्षकाने पेनाला टोपण घातलं. लेक उठली, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. त्यांनी पुढचा नंबर पुकारला. तो पोरगा धावता पीस घेऊन आला होता आणि परीक्षक खरोखरच जागे झाले.

बाहेरच्या पायऱ्यांवर लेक बसली होती. रडली नव्हती. आत्या पाणी आणायला गेली, ट्यूनर लेकीशेजारी टेकला.

"पहिलाच सूर चढा लागला," लेक म्हणाली. "मला वाटलं, पियानोच बिघडलाय. मग आठवलं, तुम्ही जुळवलाय. तुमचा पियानो कसा चुकेल? म्हणजे माझेच हात चुकीच्या जागी पडलेत, म्हणून सरकवले."

गप्प बसला असता तरी चाललं असतं. पोरीने चूक स्वतःच्या पदरात घेतलीच होती. पण ते त्याला जमेना. त्याने तिला तारांचं, गंजाचं, अर्ध्या सुराचं सगळं सांगून टाकलं, तिच्याकडे न बघता.

"म्हणजे लिफ्टची घंटासुद्धा?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला आता बाहेर कुठे वाजवताच येणार नाही."

असा बसलेला कान पुन्हा जागेवर आल्याचं एकही उदाहरण त्याला त्याच्या धंद्यात माहीत नव्हतं. तो उगाच म्हणाला, "बघू."

सोमवारी लेक दवाखान्यात कामाला लागली. पुढच्या रविवारी दुपारी ट्यूनरने घरच्या पियानोचं झाकण काढलं आणि नादकाटा गुडघ्यावर आपटला. मधली एक तार निवडून किल्ली लावली, जपून, श्वास रोखून ताणत नेली. तार कुरकुरली, पण तुटली नाही. इतक्या वर्षांत त्या पियानोतला एक सूर पहिल्यांदा आपल्या जागी आला. त्याने पट्टी दाबून तो घरभर वाजू दिला.

आत लेक दवाखान्याच्या कोटाला इस्त्री करत होती.

"बाबा, चढला," ती म्हणाली. रागाने नाही, नेहमीसारखंच.

मग त्याने किल्ली उलटी फिरवली, तार पुन्हा होती तिथे उतरवली आणि पट्टी दाबून पाहिली. आतून लेकीचा काहीच आवाज आला नाही, म्हणजे बरोबर लागली होती.